तो पितोय

माझं सगळं आयुष्य उलटं लटकून गेलं. बूड वर आणि तोंड खाली. सशाच्या पिंजऱ्याला बाहेरून अडकवतात ना, ती पाण्याची बाटली मी. माझ्या तोंडाला एक वाकडी नळी आहे. ती गजांमधून आत जाते आणि तिच्या टोकाशी एक छोटासा पोलादी छर्रा बसवलेला आहे. सशानं जीभ लावली की छर्रा मागे सरकतो, पाण्याचा थेंब सुटतो आणि टिक् असा आवाज होतो. जीभ काढली की छर्रा पुन्हा जागेवर. एवढंच माझं काम. बोलायचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं. पण माझ्यावर भिस्त ठेवून माणसं दोनदा फसली, म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून माझ्यासारख्या शेकडो जणी बाहेर पडायच्या. शेवटी एक बाई बसलेली असायची. ती प्रत्येकीचा छर्रा बोटानं दाबायची, कान जवळ नेऊन टिक् ऐकायची आणि मगच खोक्यात टाकायची. माझा आवाज तिनं दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा का ऐकला, ते मला कळलं नाही. खोक्यात गेले ती एका दुकानात निघाले आणि तिथून शिवणवाल्या बाईंकडे आले.

बाई एकट्या होत्या. रस्त्याकडेच्या खोलीत त्यांचं यंत्र, कापडांचे गठ्ठे आणि एक पांढरा ससा. त्याचा डावा कान मधेच मोडल्यासारखा लोंबायचा. बाई यंत्र चालवायला लागल्या की तो त्यांच्या पायापाशी चिंध्यांत बसायचा आणि यंत्र थांबलं की माझ्याकडे यायचा. त्याची पिण्याची एक लकब होती. दोनदा भरभर, मग थांबून एकदा. टिक्-टिक्... टिक्. चालण्यावरून माणूस ओळखू येतो ना, तसाच पिण्यावरून ससा ओळखू येतो. बाई दोरा तोडता तोडता म्हणायच्या, "पी बाबा, पी. तुझं बरंय, तुला गिऱ्हाइकाची घाई नाही."

मग एका उन्हाळ्यात भाऊ गाडी घेऊन न्यायला आला आणि बाई त्याच्या घरी निघाल्या. सहा तासांचा गाडीरस्ता. ससा मागे पिंजऱ्यात, मी पिंजऱ्याला. निघताना बाईंनी मला काठोकाठ भरलं. पण आमच्या भागातलं पाणी जड, क्षारांचं होतं. माझ्या नळीत कितीतरी दिवसांपासून पांढरे खडे धरत होते. गाडीत ऊन आलं, नळी तापली आणि छर्रा जागच्या जागी बसला तो हलेना.

तो आला. त्यानं चाटलं. माझ्या पोटात एवढं पाणी आणि त्याला एक थेंब मिळेना. त्यानं पुन्हा चाटलं. नळी ओली झाली ती त्याच्याच जिभेनं, आणि मग ती जीभसुद्धा कोरडी पडली. बाईंनी दोनदा वळून पाहिलं. "भरलेलीच आहे की," त्या भावाला म्हणाल्या. "तहान नाही वाटतं त्याला आज."

पोहोचल्यावर पिंजरा उघडला तेव्हा तो लांब होऊन पडला होता. सशानं इतकं लांब कधी व्हायचं नसतं.

बाईंनी मला मोरीपाशी नेलं आणि सुईच्या टोकानं छर्रा टोचला. पाणी सुटलं. बाई मोरीच्या कडेला बसल्या. मला हातात धरून सगळं पाणी थेंब थेंब गळू दिलं. एकदाही हात पुसला नाही.

त्यानंतर वर्षभर मी माळ्यावर होते.

मला खाली काढलं ते एका तरुण आईसाठी. मुलीचा फ्रॉक शिवून न्यायला ती आली होती. मुलगी पाच वर्षांची. बोलता बोलता निघालं की घरी नवीन ससा आणलाय आणि जीव नुसता टांगणीला लागलाय.

"काय खातो, किती पितो, काही कळत नाही हो मावशी. लहान मूल निदान रडतं तरी. हे काही बोलतच नाही."

बाई स्टुलावर चढल्या. पिंजरा आणि मी, दोघंही तिच्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "ने. मला काय करायचंय आता. एकच सांगते पोरी, नुसतं पाणी बघून गप्प राहू नकोस. आवाज ऐकत जा. टिक् टिक् आली म्हणजे पितोय असं समज."

अर्धीच गोष्ट सांगितली बाईंनी. उरलेली अर्धी, त्या पांढऱ्या सशाची, त्यांनी स्वतःजवळच ठेवली.

नवीन घरचा ससा मातकट रंगाचा होता आणि तो ससा नव्हता, सशी होती. कायम अंग आखडून बसायची म्हणून मुलीनं तिचं नाव मुटकुळी ठेवलं. या एका बाबतीत मुलगी फार कडक. बाबा म्हणायचे, "ससा कुठे गेला गं?" की हिचं लगेच, "ससा नाही, मुटकुळी. ती आहे." आजी म्हणायची, "ते पलंगाखाली बसलंय बघ." की ही कमरेवर हात ठेवून उभी, "ते नाही आजी! ती! ती बसलीये!"

"बरं बाई, ती," आजी म्हणायची. "माझ्या सुनेलासुद्धा एवढा मान नाही या घरात."

आई मात्र सारखी धास्तावलेली. आठवड्याला दातांच्या जुन्या ब्रशनं माझी नळी घासायची, छर्रा बोटानं दाबून बघायची, पाणी रोज बदलायची. स्वयंपाक करता करता कान माझ्याकडे. मुटकुळीचं पिणं शिलाईसारखं सलग होतं, टिक्टिक्टिक्टिक्. तो आवाज आला की तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरायचं. नवरा चिडवायचा, "मला ताप आला होता तेव्हा इतक्यांदा कपाळाला हात नव्हता लावलास."

"तुम्हाला तोंड आहे. तहान लागली की ओरडता."

पहिल्यांदा ते झालं ते डॉक्टरकडे जाताना. मुटकुळीची नखं कापायची होती. गाडी गल्लीतून वळली आणि माझा छर्रा हलला. टिक्-टिक्... टिक्. मुटकुळी तर पलीकडच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती. मी मनाची समजूत घातली, रस्त्याचा धक्का असेल. पण धक्क्याला जीभ नसते. मला जीभ लागली होती. खरखरीत, ओळखीची. आणि तिला ऊब नव्हती.

घरी परत आल्यावर काही नाही. तो गाडीतच यायचा.

पुढे नवऱ्याची बदली झाली. नवीन गाव नऊ तास लांब. डॉक्टरनं आईला सगळं समजावून सांगितलं होतं. सशाला घाम येत नाही, त्याची गरमी कानांतून जाते, म्हणून कानाला हात लावून बघत जा. दर दोन तासांनी गाडी सावलीत थांबवा. पाणी घरचंच न्या, वास बदलला की ससे तोंड लावत नाहीत. आणि अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याचं पोट चालायचं थांबतं, मग आमच्याही हातात फारसं काही राहत नाही. हे शेवटचं वाक्य आईनं घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

निघायच्या दिवशी तिनं पिंजरा मागच्या सीटवर आडवा ठेवला, म्हणजे वळणावर मुटकुळी घसरणार नाही. त्यावरून पट्टा ओढून घट्ट केला. खाली जुना टॉवेल, वर गवत. गोठवलेल्या पाण्याची एक छोटी बाटली मोज्यात घालून कडेला सरकवली. वाटलं तर टेकेल, नको तर दूर बसेल. ऊन आणि गाड्यांची भीती नको म्हणून पिंजऱ्यावर सुती कापड घातलं. मी तेवढी कापडाच्या बाहेर होते. माझ्या अंगावरच्या मापाच्या रेघा तिला दिसत राहायला हव्या होत्या. आणि घरचं पाणी भरलेला एक कॅन पायांशी.

पहिल्या थांब्यावर चहा झाला. आई मुलीला हात धुवायला घेऊन गेली आणि परत आली तो सासूबाई कॅनचं झाकण लावत होत्या.

"आई, हे पाणी..."

"ओतलं. कालचं शिळं होतं ते. ताजं, थंडगार भरून आणलंय. त्या बाटलीतही घातलंय."

"अहो, ते घरचं होतं. मुद्दाम घेतलं होतं."

"पाण्याला काय घर असतं का गं?"

नवरा बोनेट उघडून आत बघत उभा राहिला. बोनेटमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या पाण्याला औषधाचा वास येत होता. मुटकुळीनं एकदा नाक लावलं, पुढच्या पायांनी तोंड पुसलं आणि कोपऱ्यात गेली. आईनं ते पाहिलं. पुढचा अर्धा तास तिनं खिडकीबाहेर मान वळवली नाही. मांडीवर हात गच्च धरून बसली.

आणि मग आवाज आला. टिक्-टिक्... टिक्.

"ऐकलंस?" पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "पितंय की ते. तुझी आपली उगाच धाकधूक."

"तो पितोय," मुलगी म्हणाली.

आईला हसू आलं. सकाळपासूनचं पहिलं. "आज तूच चुकलीस होय! ती पितेय म्हणावं."

"मी नाही चुकले," मुलगी म्हणाली. ती कापडाच्या फटीतून आत बघत होती. तिनं हळूच पाय वर घेतले आणि दाराच्या बाजूला सरकून बसली.

माझ्या पोटातून एकेक बुडबुडा वर जात होता. पाणी एक रेघ उतरलं, मग दुसरी. आईला वाटलं, देव पावला. तिनं मान मागे टेकली. बारा वाजत आले होते. काचेतून येणारं ऊन सीटवरून सरकत होतं. मोज्यातलं बर्फ कधीच वितळलं होतं.

आता माझं सांगते. मी देत होते. थांबले नाही. ज्याला एकदा काठोकाठ भरलेली असून थेंब दिला नाही, तो जीभ लावून उभा राहिला तर त्याला नाही कसं म्हणायचं? तो प्यायचा, थांबायचा, पुन्हा प्यायचा. त्याची तहान भागत नव्हती. गार जीभ, श्वास नाही, वजन नाही. फक्त नळीखालचं गवत दबलेलं.

आणि पलीकडे जिवंत होती ती आक्रसत चालली होती. तिच्या छातीचा भाता जोरात चालला होता. गवत चावल्याचा आवाज सकाळपासून एकदाही आला नव्हता. आई दोनदा दचकून जागी झाली, दोन्ही वेळा तिनं माझी टिक् टिक् ऐकली, माझ्या रेघेकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. माझाच आवाज तिला थोपटून झोपवत होता.

तेव्हा मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, बाटलीच्या हातात असतं तेवढंच. मी छर्रा आवळून धरला.

त्यानं चाटलं. मी सोडलं नाही. त्यानं पुन्हा चाटलं, दोनदा भरभर, मग थांबून एकदा. मी सोडलं नाही. मग त्यानं दात लावले. नळीवरून दात घासत गेले, हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो चिडला नव्हता. त्याला ओळख पटली होती. हे असं आपल्याला पूर्वी झालेलं आहे, हे त्याला आठवलं. त्याच्या जिभेचा प्रत्येक स्पर्श मला तेच विचारत होता आणि मी दुसऱ्यांदा त्याला तेच उत्तर देत होते.

घरात मूल एकदम गप्प झालं की आई उठून बसते ना, तशी ती उठून बसली.

"आवाज का थांबला?"

"बाटली देत नाहीये त्याला," मुलगी म्हणाली.

"कुणाला गं?"

"त्याला. पांढऱ्याला. त्याचा एक कान मोडलाय."

आईला त्या सशाबद्दल कुणीच कधी काही सांगितलं नव्हतं. मुलीला तर नाहीच नाही.

"आणि मुटकुळी?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मुटकुळी किती प्यायली?"

"ती कुठे प्यायली? मी सांगत होते ना तुम्हाला. तो पितोय, तो पितोय. तुम्हीच म्हणत होता, पितेय म्हण."

आईनं कापड ओढलं. मुटकुळी लांबच्या कोपऱ्यात गजांना चिकटून बसली होती. हनुवटी कोरडी. टॉवेल कोरडा, म्हणजे पाणी गळलेलंही नव्हतं. एकही लेंडी नव्हती. आणि नळीखालचं गवत वाटीसारखं गोल दबलेलं. आई बघत होती तोवर त्यातली एक काडी हलली, बाजूला झाली. जणू कुणी बसल्या जागी अंग सावरलं.

"अहो, गाडी थांबवा."

"पुढे गाव येईल की तासाभरात."

"आत्ता थांबवा!"

तिचा एवढा चढलेला आवाज नवऱ्यानं ऐकलेला नव्हता. एका बंद गॅरेजच्या भिंतीलगत चिंचोळी सावली होती. तिथे त्यानं गाडी घेतली आणि न सांगता इंजिन बंद केलं.

"एवढं सशापायी..." सासूबाई सुरू झाल्या.

"ती सकाळपासून प्यायलेली नाही, आई. मी नुसत्या आवाजावर विसंबले." तिचे डोळे भरले होते, पण हात थांबत नव्हते. "तिचे कान बघा. भाजतायत."

सासूबाईंनी कानाला हात लावला. रुमाल ओला केला, पिळला आणि कानांवरून फिरवायला लागल्या. हळू, तान्ह्या बाळाचं डोकं पुसतात तसं. "माझंच मेलीचं डोकं चाललं नाही," एवढंच एकदा पुटपुटल्या.

आईनं मुटकुळीला जमिनीवर टॉवेलवर ठेवलं, पिंजऱ्यापासून लांब. पिशवीतली पालेभाजीची जुडी काढली आणि पानं पाण्यात बुचकळून एकेक पान तिच्या नाकाशी धरलं. हिरव्या वासाखाली औषधाचा वास बुजला. पहिलं पान तसंच राहिलं. दुसरंही. नवरा उन्हाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे त्याची सावली तिच्यावर पडेल.

पाचव्या पानाला तिनं दात लावले.

मग आईनं तळहाताची ओंजळ करून पाणी धरलं. मुटकुळी वास घेत राहिली, किती तरी वेळ. आणि प्यायली. तळहाताला आवाज नसतो. म्हणून आई वाकून बघत होती, डोळ्यांनी, पाणी हलताना, जीभ दिसताना. "पितेय," ती म्हणाली. मुलीनं खाली बसून खात्री करून घेतली आणि मान डोलावली. "हो. ती पितेय."

तासाभरानं टॉवेलवर तीन लेंड्या पडल्या. मोठी माणसं त्या तीन लेंड्यांकडे बघून रडायची आणि हसायची एकदमच थांबेनात.

निघायची वेळ झाली. आईनं मला पिंजऱ्यावरून काढलं. सासूबाई म्हणाल्या, "फेकून दे ती."

आईनं फेकलं नाही. गॅरेजच्या भिंतीला तारेची जाळी होती. तिनं मला जाळीला अडकवलं, उलटं, जमिनीपासून वीतभर उंचीवर. सशाच्या तोंडाला येईल असं. मग कॅनमधलं पाणी घालून मला काठोकाठ भरलं.

"अगं, इथे कुणासाठी?" नवऱ्यानं विचारलं.

आई म्हणाली, "असू दे."

गाडी निघाली तेव्हा मुलगी मागच्या काचेतून हात हलवत होती. माझ्याकडे नाही. माझ्या थोडं खाली, जमिनीलगत.

गाडी वळणाआड गेली आणि मी छर्रा सोडला. तो आला. टिक्-टिक्... टिक्. मी त्याला म्हटलं, पी बाबा, पी. आता तुला कुठे पोहोचायचं नाही.

त्याला बरेच दिवस झाले. मी इथेच आहे. माझं प्लास्टिक पिवळं पडलंय, एका बाजूला चीर गेलीये. रोज ऊन चढलं की मी जिवाचा कान करून ऐकते. सलग, शिलाईसारखी दुसरी एक जीभ येते का. अजून आलेली नाही. एकच जीभ येते, तीच, गार. ती दुसरी इथे आली नाही म्हणजे ती कुठेतरी उबदार आहे. हीच माझी कमाई.

तुम्ही कधी जनावर घेऊन लांब निघालात तर माझं एवढं ऐका. बाटली भरलेली दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका आणि रिकामी होतेय म्हणूनही होऊ नका. थांबा, उतरा, त्याच्या हनुवटीला बोट लावून बघा. आणि घरातलं लहान मूल 'तो' म्हणालं, तर 'ती' म्हण असं लगेच सांगू नका. आधी विचारा, कोण.

या रस्त्यानं आलात तर बंद गॅरेजची भिंत लगेच दिसेल. येणारे-जाणारे कधीमधी पाणी घालतात, पण आत्ता माझ्या पोटात बोटभरच उरलंय. तुमच्याजवळचं थोडं माझ्यात ओता आणि निघा. मागून आवाज आला तर वळून बघू नका. त्याला माणसांसमोर प्यायला लाज वाटते.